गौरीच्या ताटातलं कारलं

आमच्या घरी गौरीला गाऊन वाढत. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही मुखवट्यांपुढे केळीची पानं मांडली की आई वाढायला उभी राही आणि पदार्थागणिक एक ओळ म्हटली जाई. गाण्याची सुरुवात ठरलेली होती: 'बैस गौरी पाटावरी, वाढते मी कोसंबरी.' कोसंबरी म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर. शेवटही ठरलेला होता: 'होळिगेवर तुपाची धार, गौरी माझी सुकुमार.' होळिगे म्हणजे आपली पुरणपोळीच, पण आमची माणसं इतक्या पिढ्या बंगळूरला राहिली की पोळीचं नावच बदलून गेलं. मधलं सगळं मात्र त्या वर्षी चुलीवर काय शिजलं असेल त्यावर. वाढणारीचे हात आणि लक्ष दोन्ही गुंतलेले, म्हणून एकीने तिच्या शेजारी उभं राहून ओळ जुळवायची, दुसरीच्या कानात सांगायची आणि त्या दुसरीने ती गळ्यावर घ्यायची. याला आमच्यात 'ओळ देणं' आणि 'ओळ उचलणं' म्हणत. एखाद्या वर्षी पाहुण्या जास्त असल्या आणि भाज्या वाढल्या तर गाणं अर्धा तास चाले, आणि ज्या वर्षी आई मावशीच्या बाळंतपणात अडकली होती त्या वर्षी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, केलेला भात आणि हुळी, म्हणजे सांबार, एवढ्यावर ते चार ओळींत आटोपलं. हुळीला यमक सापडेना म्हणून मी 'गौरी आमची साधीभोळी' असं काहीतरी ठोकून दिलं होतं आणि अण्णा स्वयंपाकघरात एकटेच हसत बसले होते.

ओळ मी देत असे, अकराव्या वर्षापासून. ओळ उचलायची मालू, माझी धाकटी बहीण. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिच्याकडे गळा आणि माझ्याकडे जीभ, असं अण्णा म्हणत आणि त्यात त्यांना कुणालाच दुखवायचं नसे. माझा आवाज जाड. मी धडधाकट असतानाही लोक मला 'सर्दी झालीय का गं?' असं विचारत. मालूचा आवाज कसा होता हे सांगायला मला आजही जिवावर येतं. आमचं घर यशवंतपूरच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आदळत, पलीकडे पिठाची गिरणी, तिच्यापलीकडे घाऊक बाजाराचे ट्रक. त्या सगळ्या गदारोळात मालू मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना काही गुणगुणली तरी गिरणीवाला पट्टा थांबवून ऐके. मी त्याच अंगणात तिच्या शेजारी बादली धरून उभी असे. मला तिचा हेवा वाटे. हे वाक्य असं सरळ लिहायला मला साठी उलटावी लागली. त्या काळी मी त्याला 'तिची काळजी वाटते' असं म्हणत असे.

नरहरराव आमच्याकडे आले ते अशाच एका गौरीजेवणाला. बेळगावकडचे गृहस्थ, पांढरा सफारी, हातात चामडी बॅग. बंगळूरला त्यांची कॅसेटची छोटीशी कंपनी होती. भावगीतं, भक्तिगीतं मोठ्या कंपन्यांनी वाटून घेतली होती, तेव्हा उरलेल्या सणांच्या गाण्यांवर त्यांचा डोळा होता, आणि त्यासाठी ते जुन्या मराठी घरांतून जेवायची आमंत्रणं मिळवत हिंडत होते. अण्णांच्या कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना आणलं. ते बाहेरच्या खोलीत पाटावर बसले आणि आतून गाणं ऐकत राहिले. त्या वर्षी मी फार रंगात होते. 'चित्रान्नावर लिंबू पिळू, बोलू गौरी हळूहळू' ही ओळ मी उभ्या उभ्या दिली. आईने चित्रान्नाचं, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचं, पातेलं उचललं, तेवढ्या वेळात. त्याच्यानंतर भोपळ्याचं भरीत आलं तेव्हा 'भोपळ्याचं भरीत गोड, सासरचा गं विषय सोड' अशी दिली, आणि शेजारच्या सीतक्का, ज्यांना सासूने तेवीस वर्षं छळलं होतं, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मालूने ती उचलली मात्र अशी की हसता हसता सीतक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं.

जेवणं झाल्यावर नरहररावांनी आम्हा दोघींना बोलावलं. मालूला त्यांनी दोनदा तीच ओळ म्हणायला लावली, डोळे मिटून ऐकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बी म्हण की." मी म्हटली. ते चार शब्दांनंतरच मान हलवायला लागले.

"लहानीचा गळा लई गोड हाय वो," ते अण्णांना म्हणाले. "मोठीचा घरगुती हाय. वाईट नव्हं. पण माइकला लागत नाई."

"ओळी अक्काच्या आहेत," मालू म्हणाली.

"असू देत की. ओळी काय, त्या परंपरेतल्या असत्यात."

घरगुती. त्या शब्दाने माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या आजवर उतरलेल्या नाहीत. पापड घरगुती असतात, लोणचं घरगुती असतं, आणि त्यांची लोक स्तुती करतात. माझा गळा तेवढा घरगुती म्हणून घरातच ठेवायचा. आईने मात्र त्या दिवशी संध्याकाळी मालूची दृष्ट काढली. मीठ-मोहरी माझ्याच हातून मागवली होती. माझी वेळ येईल म्हणून मी तिथेच उभी राहिले, आणि आई मोहऱ्या चुलीत टाकून, त्या तडतडल्याचं बघून, भांडी घासायला निघून गेली. आईने माझ्या ओळींबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मी ओळ देत असे, तशी ती देत राहावी, विहिरीला पाणी असावं तसं, असं तिला वाटत असणार. एकदा तरी तिने 'ही ओळ चांगली झाली गं' म्हणावं याची मी आठ वर्षं वाट बघत होते. मालूला ते दर आठवड्याला ऐकायला मिळे.

पुढच्या उन्हाळ्यात रेकॉर्डिंग ठरलं. नरहरराव दोन-तीनदा घरी आले आणि प्रत्येक खेपेला गाण्यातलं काहीतरी काढून नेलं. आधी कोसंबरी गेली. पुण्या-सोलापुरात ती कुणाला कळायची, तिथे 'वाढते कोशिंबिरी' म्हणा. मग होळिगे गेली आणि पुरणपोळी आली, ओळीत मावेना तर 'पोळीवरती तुपाची धार' झालं. मग आमच्या गाण्याला लांबी नाही यावर ते फार वैतागले. गाणं साडेतीन मिनिटांचं पाहिजे, एका बाजूला सहा गाणी बसली पाहिजेत, आणि पहिल्या बाजूचं पहिलं गाणं असं पाहिजे की दुकानात वाजलं की रस्त्यावरची बाई थांबली पाहिजे. अण्णांनी विचारलं, लोकांना हे आवडेल हे तुम्हाला कसं कळतं? नरहरराव हसले. "अण्णासाहेब, लोकांना काय आवडतंय ते लोकांना ठावं नसतंय. कानावर पडत गेलं की वळखीचं होतंय. वळखीचं झालं की आवडतंय. आपलं काम पाडत ऱ्हायचं." मला तेव्हा तो माणूस आगाऊ वाटला होता. आता माझा फोन दिवसातून दहा वेळा 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून सांगतो आणि बहुतेक वेळा ते मला आवडतंही, तेव्हा मला नरहररावांची बॅग आठवते.

एक अडचण होती. आम्ही दोघी कानडी शाळेत शिकलो. मराठी आमची घरातली, तोंडातली. देवनागरी आम्ही हिंदीच्या तासापुरती गिरवलेली. नरहररावांनी टाइप करून आणलेले कागद मालूला अडखळत वाचावे लागत आणि अडखळली की सूर जाई. म्हणून मी तिला सगळं कानडी अक्षरांत उतरवून दिलं, आणि तरीही ती म्हणाली की अक्का शेजारी नसेल तर मला म्हणता यायचं नाही. अशी मी स्टुडिओत गेले. गाणाऱ्या मुलीच्या पाण्याची बाटली धरायला, असं मी मनात म्हणत होते.

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या घराच्या दोन खोल्या, भिंतींना तागाची पोती आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेलं कापड. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. एक बासरीवाला, एक तबल्याचे मास्तर, एक पेटीवाले. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि नरहरराव. अण्णा बाहेर बाकावर कॉफी पीत. मालूने पहिल्याच दमात गाणं असं म्हटलं की बासरीवाल्याने बासरी मांडीवर ठेवून तिला नमस्कार केला. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. मग रेकॉर्डिस्टने घड्याळ बघून सांगितलं की गाणं तीनच मिनिटं भरलंय, अर्धं मिनिट कमी पडतं, आणखी एक कडवं हवं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तो क्षण फार सुखाचा गेला, कारण भोपळ्याच्या भरिताची ओळ मी त्याच्यासाठीच राखून ठेवल्यासारखी होती आणि नरहररावांना ती हवीच लागणार होती. मी कागद पुढे ओढला. तेवढ्यात काचेपलीकडचा माइक चालू राहिला होता त्यातून नरहररावांचा आवाज आला, रेकॉर्डिस्टशी बोलताना: "ती मोठी उठली की खुर्ची करकरतीय. कडवं दिलं की तिला भाईर बसवा."

आमच्याकडे कारलं फक्त श्राद्धाला करत. सणाच्या दिवशी ते घरात आणतसुद्धा नसत. भाजीवाली टोपलीत कारली घेऊन दारात आली तर आई तिला 'आज नको, उद्या ये' म्हणून पायरीवरूनच परत पाठवी. मालूला हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. नरहररावांच्या घरात तसं काही नव्हतं, आणि वादक तर मराठीही नव्हते. मी कानडी अक्षरांत लिहिलं: 'कारल्याची भाजी कडू, माहेरी का येतं रडू?' आणि कागद मालूपुढे सरकवला. मला काय हवं होतं? कॅसेट निघावी, चार घरांत वाजावी, जाणत्या बायकांनी कपाळाला हात लावावा, 'गौरीला कारलं वाढणारी ही कोण अवदसा?' म्हणावं, आणि मालूला पुन्हा कुणी गायला बोलावू नये. इतकं नीट ठरवलं होतं. दोन ओळी लिहायला लागतो तेवढ्या वेळात ठरवलं होतं.

मालूने कागद वाचला आणि मान वर केली. "अक्का, कारलं?"

"म्हण," मी म्हटलं. "नवीन आहे."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग ओळ उचलली. दरवर्षी गौरीपुढे उचलायची तशीच. 'रडू'वर तिने आवाज असा खाली आणला की पेटीवाल्यांचा भाता क्षणभर थांबला. काचेपलीकडे नरहरराव उभे राहिले. मला बाहेर बसवायचं ते विसरून गेले.

श्रावण लागला तशी कॅसेट आली. वेष्टनावर झोक्यावर बसलेल्या एका गोऱ्यापान बाईचं चित्र, आत कागदावर बारीक अक्षरांत मालूचं नाव, वादकांची नावं, आणि शेवटी 'गीत: पारंपरिक'. मी ते चार-पाच वेळा वाचलं. देवनागरी असूनही न अडखळता वाचलं. त्या संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या, अण्णांनी टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात अर्धवट निवडलेल्या शेंगा. कारल्याचं कडवं आलं. मी जमिनीकडे बघत होते आणि सीतक्का कपाळाला हात कधी लावतात याची वाट बघत होते. सीतक्का रडत होत्या. त्यांची सून रडत होती. गिरणीवाल्याची बायको, जिला मराठी धड येत नव्हतं, तीही रडत होती. "काय ओळ आहे गं," सीतक्का म्हणाल्या, "माहेरी का येतं रडू! कुणाला सुचलं असेल त्या काळी?" मी वर बघितलं तर आई माझ्याकडे बघत होती. शेंगा तशाच हातात. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण आईच्या तोंडी फार होती, पण त्या दिवशी तिने ती म्हटली नाही.

नरहररावांनी काय केलं ते मला पुढे कळलं. त्यांनी मल्लेश्वरमच्या बाजारातल्या बांगडीवाल्याला एक कॅसेट फुकट दिली, या अटीवर की दुकान उघडं असेतो ती वाजली पाहिजे. एक गिरणीवाल्याला, एक शिंप्याला, एकेक प्रत्येक गणपतीच्या मांडवातल्या लाउडस्पीकरवाल्याला. बायका बांगड्या भरताना मनगट पुढे करून बसत तेवढ्यात गाणं तीनदा होई. महिन्याभरात ते सगळ्यांच्या तोंडी बसलं, आणि तोंडी बसलं तसं ते सगळ्यांना आधीपासून येत होतं. गौरीच्या आदल्या दिवशी मी भाजीला गेले तर नेहमीची भाजीवाली, कानडी बाई, मला लांबूनच हाक मारून म्हणाली, "अक्का, हागलकाई स्वल्पच उरलीय बघा, गौरीला पाहिजे ना तुम्हाला? बाजूला काढून ठेवलीय." हागलकाई म्हणजे कारली. मी नको म्हटलं तर तिला पटेना. "कॅसेटमध्ये आहे की!" ती म्हणाली.

आईने त्या वर्षी कारलं केलं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मांडलेल्या पातेल्यांकडे बघून एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने हळूच विचारलं, "तुमच्याचकडे नाही?" आणि दुसरीने, "गूळ घालून करता की तसंच?" आई म्हणाली, "या वर्षी चांगली मिळाली नाहीत." मी आईला खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकत होते. मग वाढायला सुरुवात झाली. मी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले, सवयीने. पण ओळ द्यायला कुणी जागाच ठेवली नव्हती. खोलीभर बायका एका सुरात कॅसेट म्हणत होत्या, कोशिंबिरीपासून. आणि दोन कडव्यांच्या मधे त्या थांबल्या. मला आधी कळेना का थांबल्या. आई हातात पळी धरून उभी, बायका गप्प, सगळ्या कशाची तरी वाट बघतायत. मग माझ्या लक्षात आलं की कॅसेटमध्ये तिथे बासरी आहे. बासरी वाजून जाईपर्यंत गौरी उपाशी राहिली. मी चिडले आणि मोठ्याने माझी ओळ म्हटली: 'भोपळ्याचं भरीत गोड, सासरचा गं विषय सोड.' पानावर भरीतच होतं. सीतक्कांची नात, नऊ-दहा वर्षांची, माझ्या पदराला ओढून म्हणाली, "अक्का, चुकलं. इथे कारलं आहे."

मागच्या वर्षी कोरमंगलात राहणाऱ्या माझ्या पुतणीने मला फोनवर एक चित्रफीत पाठवली. कुणी मुलगी सुंदर काठापदराची साडी नेसून गौरीपुढे चांदीच्या वाटीत कारल्याची भाजी ठेवते आणि सांगते की ही आपली जुनी परंपरा, लेकीने सुखाबरोबर कडूही गिळायला शिकावं म्हणून. मागे मालूचं गाणं, बासरीसकट. खाली शेकडो बायकांनी हात जोडलेत. मी ती तीनदा बघितली आणि तीनदा माझ्या पोटात तेच जुनं दुखलं. आणखी एक गोष्ट सांगते, सांगायला बसलेच आहे तर. मला पश्चात्ताप झाला म्हणून ते दुखलं नाही. एवढ्या बायकांना रडवणारी ओळ माझी, आणि हात मालूला जोडलेले, म्हणून दुखलं. मी तिचं वाईट करायला जे केलं त्याचंही श्रेय तिलाच गेलं होतं.

कॅसेट आली त्याच्या दुसऱ्या वर्षी आईने कारलं केलं. कोपऱ्यात, चमचाभर, भरपूर गूळ घालून. कारण त्या वर्षी गौरीच्या दिवसांत आमच्या मराठी मंडळाने मालूचा सत्कार ठेवला होता आणि दुपारी मंडळाच्या बायका आमच्याकडे दर्शनाला येणार होत्या. संध्याकाळी हॉलमध्ये तीनशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. मालूला शाल, नारळ. नरहररावही होते, सफारी आता नवा होता. तिने गाणं म्हटलं आणि सभा तिच्याबरोबर म्हणत गेली, बासरीच्या जागी थांबत. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी तिला विचारलं की कारल्याची ती अजरामर ओळ तुमच्या घरात किती पिढ्यांची आहे?

मालू माइकपुढे वाकली. "ती ओळ पिढ्यांची नाही," ती म्हणाली. "ती माझ्या अक्काची आहे. तिने स्टुडिओत लिहून दिली. ती समोर बसलीय, तिसऱ्या रांगेत."

मी उठले. कुणी उठ म्हणायच्या आधी उठले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या नावाने हॉलभर घुमलं होतं आणि माझे पाय आपोआप सरळ झाले. मी पदर सारखा करत होते. टाळी आली नाही. आधी नुसती कुजबुज झाली, मग मागून कुणीतरी म्हणालं, "असं कसं? आमची आजी म्हणायची ही ओळ." दुसरी म्हणाली, "तंजावरला माझ्या आईच्या माहेरी याच ओळीवर कारलं वाढत." सीतक्का, माझ्या शेजारच्या, ज्यांनी माझ्या तोंडून भरिताची ओळ ऐकली होती, त्या हात वर करून म्हणाल्या, "अगं, मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय!" त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा चेहरा मी बघितला, त्यांना खरंच तसं आठवत होतं. नरहरराव व्यासपीठावरून हसत म्हणाले, "लहान बहीण हाय, मोठीला मान देतीय. संस्कार हायत बगा." आणि आता टाळ्या आल्या, मालूच्या संस्काराला. मी अजून उभीच होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी पहिल्या रांगेत आईकडे माइक नेला. "आता तुम्हीच सांगा, काकू."

आई उठली नाही. बसल्या जागेवरून तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग माइकमध्ये म्हणाली, "आमच्याकडे पहिल्यापासून आहे." मी खाली बसले.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. बाहेर मालू शाल न काढताच अण्णांना सगळं सांगत होती. आई उद्याच्या बोळवणीसाठी दहीभाताचं दही विरजत होती.

"का खोटं सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं काय सांगायला हवं होतं?" आईने विरजण हाताने ढवळलं. "की माझ्या थोरलीने धाकटीच्या वाईटावर गौरीला कारलं वाढलं? तीनशे माणसांत?"

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, शेंगा हातात धरून उभी होती तेव्हापासून.

"मालूला?" मी विचारलं.

"ती काय वेडी आहे? तिला तेव्हाच कळलं. मला सांगत होती, अक्का रागावली होती म्हणून मी म्हटली, नाही म्हटलं असतं तर अजून रागावली असती." आईने पातेल्यावर झाकण ठेवलं, पदराला हात पुसले, आणि बोलली ते माझ्याकडे न बघता बोलली. "ओळ चांगली आहे गं. एवढी चांगली ओळ आपल्या घरात कुणाला सुचली नव्हती. माझ्या आईलासुद्धा नाही. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला रडू आलं. पण ती तुझी आहे असं पुन्हा कुठे बोलू नकोस. सरी?"

"सरी," मीही तिच्यासारखंच कानडीत 'बरं' म्हटलं. आठ वर्षं आणि वर दोन मी त्याच शब्दांची वाट बघत होते आणि ते मला दार लोटलेल्या खोलीत मिळाले. आई दाराकडे निघाली. तिला जाऊ द्यायला हवं होतं.

"आई," मी म्हटलं, "मालूच्या गळ्यात नसती तरी रडू आलं असतं?"

आई कडीवर हात ठेवून थांबली.

"अजून गेलं नाही ना तुझ्या पोटातलं?" ती म्हणाली, आणि मालूला दृष्ट लागली असेल म्हणून मीठ-मोहरी आणायला मला सांगून बाहेर गेली.